नातवंडांना घेऊन भंडाऱ्यावर



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्या लागलेल्या असतील आणि घरोघरची नातवंडे 'आजोबा, कुठे तरी न्या ना' म्हणून मागे लागली असतील. म्हणून या खेपेला निरूपण बाजूला ठेवतो आणि एका सकाळची हकिगत सांगतो. विषय हलका वाटेल. मला तो हलका नाही. का, ते ओघात येईलच.

गेल्या वर्षी चैत्र सरता सरता मुलाचा फोन आला. म्हणाला, "दादा, पोरं डोंगर डोंगर करतायत. रविवारी भंडाऱ्यावर नेऊ या का? तुम्ही याल?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या मंडळींनी विचारले, "काय झालं?" सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "जा. पण या वेळी मी सांगते तसं जा."

'या वेळी' म्हणाल्या, त्याला कारण आहे.

१९८६ सालचा वैशाख. त्र्यंबकेश्वरी एका सप्ताहात माझी सेवा होती आणि सात वर्षांच्या या मुलाला मी हट्टाने बरोबर नेले होते. सकाळचा कार्यक्रम आटोपला आणि दहाच्या सुमारास आम्ही पाच जण ब्रह्मगिरी चढायला निघालो. दहा वाजता, वैशाखात! पोराच्या डोक्याला टोपी नाही, पाचांत मिळून पाण्याचा एक तांब्या. वाटेत त्याने दोनदा पाणी मागितले. मी म्हणालो, "नाम घे, तहान लागत नाही." तो गप्प झाला. तो गप्प झाला याचे मला कौतुक वाटले, माउली! वाटले, पोर नामात रंगले. जटामंदिराचे दर्शन घेऊन उतरताना तो एका पायरीवर बसला तो उठेना. तोंड लालभडक, अंग तापलेल्या तव्यासारखे आणि घामाचा टिपूस नाही. मग ओकारी झाली. पायऱ्यांच्या कडेला एक बाई ताक विकत बसली होती. तिने त्याला सावलीत ओढले, सदरा काढला, स्वतःचा पदर भिजवून त्याची मान, काखा, छाती पुसत राहिली आणि पुसता पुसता मला जे बोलली ते इथे छापता येणार नाही. तिचा शब्दन् शब्द खरा होता. सोबतच्या टाळकऱ्याने त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणले. दोन दिवस सलाइन लागले. पोर वाचले.

त्याच संध्याकाळी माझे कीर्तन होते. मी ते केले. निवृत्तिनाथांची कथा लावली: विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची परिक्रमा करीत असता वाघ आडवा आला, सगळे पळाले, लहानगा निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. वाघ रंगवला, गुहा रंगवली, गुरुकृपा रंगवली. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ही कथा मी त्याआधी आणि त्यानंतर किती वेळा सांगितली याची गणती नाही. त्यात रुक्मिणीबाईंचे काय झाले असेल, पोर दिसेनासे झाल्यावर त्या माउलीने त्या रानात किती हाका मारल्या असतील, यावर मी कधी एक वाक्य बोललो नाही. त्या दिवशीही नाही, माझे स्वतःचे पोर दवाखान्यात पडलेले असताना.

मुलगा मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला. आम्हांला त्याने काही कमी केले नाही. पण माझ्याबरोबर तो पुन्हा डोंगरावर आला नाही आणि वारीलाही आला नाही. कारण मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. चाळीस वर्षे होत आली. म्हणून त्या फोनचे एवढे.

आता तयारीचे सांगतो. पहिला प्रश्न, कुठे जायचे? आम्ही भंडारा ठरवला, कारण तुकोबारायांच्या एकांताची ती जागा आणि वरपर्यंत गाडीरस्ता आहे. कोणाला यात कमीपणा वाटेल. मलाही आधी वाटला. पायी चढल्याशिवाय दर्शन कसले? पण लहान मुलांबरोबर जाताना परतीचा रस्ता सोपा असणे ही पहिली गरज. मूल दमले, पडले, कंटाळले, तर दहा मिनिटांत खाली येता आले पाहिजे. आम्ही गाडी बरीच वर नेली आणि शेवटचा चढ तेवढा पायी गेलो. साडेपाच वर्षांच्या नातीला तोही पुष्कळ झाला.

दुसरे, वेळ. डोंगराचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हावा आणि दहाच्या आत संपावा. आपण वारकरी, आपल्याला काकड्याची सवय आहे. मुलांना आदल्या रात्री लवकर निजवावे लागते, एवढेच. ऊन किती आहे हे आपल्या अंगावरून ठरवू नये. मुलांचे अंग आपल्यापेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात तहान त्यांना कळत नाही. मागितल्यावर पाणी द्यायचे हा नियमच चुकीचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबायचे आणि दोन-दोन घोट सर्वांनी प्यायचे, आजोबांनीसुद्धा. मुलाला सांगून उपयोग नाही, त्याने आपल्याला पिताना पाहिले पाहिजे.

आणि हे ध्यानात ठेवा: बडबडे मूल एकाएकी गप्प झाले, तर ती खूण आहे. तोंड लाल, डोके दुखते म्हणणे, मळमळ, लघवीला न होणे, की तिथेच थांबावे. सावली, कपडे सैल, ओल्या फडक्याने अंग पुसणे, वारा घालणे. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी. गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नये, तडक दवाखाना गाठावा. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. खुशाल ठेवा, पण कांदा पाण्याची जागा घेत नाही. बंद गाडीत मुलाला 'पाच मिनिटं बस' म्हणून सोडून दर्शनाला जाणारे भाविकही मी पाहिले आहेत. असे क्षणभरही करू नये.

मंडळींनी दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या, म्हणजे उन्हातही टिकतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकड्या, मीठ घातलेले ताक आणि कैरीचे पन्हे. पाणी माणशी दीड लिटर घेतले, ते जड झाले आणि सगळे संपले. सुती कपडे, टोप्या, दोन उपरणी भिजवून डोक्यावर घ्यायला. एक सूचना सूनबाईंची, ती मला सुचली नसती: अत्तर लावू नका. उन्हाळ्यात कड्याकपारींना आग्या मोहोळ असते. उग्र वास आणि धूर त्याला खपत नाही. मी रोज हिना लावतो. त्या दिवशी नुसता बुक्का.

खरे तर हे सारे आपल्याला शिकवायला नकोच. पालखी सोहळा पाहा. लाखांचा समाज चालतो तो काय नुसत्या भावावर? कुठे न्याहारी, कुठे दुपारचा विसावा, कुठे मुक्काम, सगळे आधी ठरलेले. तंबूचा ट्रक पुढे जातो, पाण्याचा टँकर दिंडीसोबत असतो. म्हातारी माणसे चालू शकतात, कारण विसावे आहेत. हे मी पन्नास वर्षे डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःच्या पोराला घेऊन निघालो तेव्हा एकही विसावा ठेवला नाही.

त्या रविवारी उजाडताना आम्ही देहू मागे टाकून इंदुरीच्या अंगाने निघालो. वर पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. खाली इंद्रायणीचे खोरे धुरकट दिसत होते. थोरल्याला आठ वर्षे. तो पळत पुढे. धाकटी मात्र दहा पावलांवर बसली. काय, तर मुंग्यांची रांग. एका मुंगीने मेलेला नाकतोडा धरला होता आणि बाकीच्या मदतीला येत होत्या. ते बघण्यात तिची वीस मिनिटे गेली. माझ्या जिभेवर 'चला, चला, दर्शन आधी' आले होते. सवय, दुसरे काय! पण मुलगा तिच्याशेजारी मांडी घालून बसला, म्हणून मीही टेकलो. कीर्तनात आपण पहिला अभंग ठाय लयीत घेतो. पखवाजवाला घाई करू लागला तर त्याच्याकडे डोळे वटारतो. इथे घाई करणारा मीच.

दर्शन झाले. वर दगडी मंदिराचे मोठे काम तेव्हा चालले होते, ते थोरल्याने तोंड वासून पाहिले. मग सावलीत बसून मी जिजाईंची कथा सांगितली. तुकोबाराय या डोंगरावर नामात बसलेले, त्या रोज भाकरी घेऊन चढत. एकदा पायात काटा रुतला, कळवळून खाली बसल्या आणि ज्या काळ्यावर त्यांचा राग, त्या विठ्ठलानेच येऊन तो काढला. कीर्तनात या जागी टाळ थांबतात. नात म्हणाली, "त्यांनी चप्पल का नाही घातली?" मला उत्तर येईना. शेवटी म्हणालो, "नसेल गं. घरात तेव्हा दुष्काळ होता." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग तुकाराम महाराज खाली का नाही आले जेवायला?"

माउली, पन्नास वर्षांत एकाही श्रोत्याने मला हा प्रश्न केला नव्हता. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "यायला हवं होतं कधी कधी." हे बोलणे कोणाला अधिक-उणे वाटले असेल तर क्षमा असावी. तुकोबांविषयी मी बोलत नव्हतो, हे तिला नाही तरी त्याला कळले असावे.

मग शिदोऱ्या सोडल्या. सप्ताहाच्या शेवटी आपण काला करतो तसे सगळे एका फडक्यावर मांडले. वाटेत एका आजीकडून पानाच्या द्रोणात करवंदे घेतली होती. मी पोरांना कोंबडा की कोंबडी शिकवले: चावून पाहायचे, आत लाल तर कोंबडा, पांढरे तर कोंबडी. थोरल्याला सलग चार कोंबडे निघाले. त्याने ती गोष्ट पुढे महिनाभर सर्वांना सांगितली. मंदिराचे नाव त्याला आठवत नव्हते.

साडेनऊ झाले. थोरल्याला डोंगरातली कोरीव लेणी पाहायची होती. कोणीतरी त्याला सांगितले होते. उन्हाला धार चढली होती. मुलाने घड्याळ पाहिले आणि काही बोलला नाही. तो माझी वाट पाहत होता. मी म्हणालो, "उतरू या. लेणी थंडीत पाहू." पोर रडले, पाय आपटले, "आजोबा, तुम्ही वाईट आहात" म्हणाले. म्हणू दे.

उतरून सुदुंबऱ्याला गेलो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराजांच्या समाधीपाशी दोन मिनिटे हात जोडले. तोवर दोन्ही पोरे गाडीत आईच्या अंगावर निजली होती. मुलगा आणि मी बाहेर झाडाखाली उभे. उरलेले पन्हे त्याने मला दिले आणि म्हणाला, "दादा, त्या ताकवाल्या बाईचा पदर हिरवा होता ना?"

मी म्हणालो, "रंग मला आठवत नाही. मी तिच्याकडे पाहूच शकलो नाही."

"हिरवाच होता," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आषाढात यांना दिवे घाट दाखवावा का?"

"घाट नको. पुण्याहून सासवड, तो टप्पा फार मोठा आहे. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं. तेवढं दाखवू, गाडीनं जाऊ, सावली बघून उभे राहू."

"पाणी मी घेतो," तो म्हणाला आणि गाडी सुरू करायला गेला.