पूर्णांकाची घाई

मोलच्या गणितात मुलं भागाकारापाशी अडत नाहीत, भागाकार संपल्यावर अडतात. कॅल्क्युलेटर १.५ दाखवतो आणि पेन २ लिहून मोकळं होतं. एवढ्याशा घाईने एक पदार्थ दुसरा होऊन बसतो, तोही भट्टी न पेटवता.

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात हे दाखवायला मला कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्याबाहेर जावं लागत नाही. इथल्या डोंगरात मँगनीज आहे. तालुका सुपा नावाने ओळखला जायचा त्या काळात इथे खाणी चालत. आता त्या रानाचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. खाणी थांबल्या, पण खनिजाचे खडे अजून सापडतात. बोटांना काजळी लावणारा पायरोल्युसाइटचा खडा टेबलावर ठेवला, की मागचा बाकही पुढे सरकतो. हा मुख्यत्वे मँगनीज डायऑक्साइड, म्हणजे एका मँगनीजमागे दोन ऑक्सिजन.

तराजू ग्रॅम सांगतो, सूत्र मात्र अणूंची संख्या मागतं. मधला सांधा मोलचा. हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलून देतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं, की किलोत किती आले ते न मोजता सांगता येतं. तसंच हे. फक्त एका मोलमधल्या कणांची संख्या अवाढव्य: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या आकड्याने ठरते.

फळ्यावर आधी सरळ हिशेब करतो. मँगनीज ५४.९४, दोन ऑक्सिजन ३२.००, मिळून मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वस्तुमान, ८६.९४ ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये मँगनीज ६३.२ ग्रॅम. मग उलटा हिशेब: नाव न सांगता दुसरं ऑक्साइड देतो, मँगनीज ६९.६ टक्के, ऑक्सिजन ३०.४. पाठांतरवाले लगेच ऑक्सिजनला ३२ ने भागतात, कारण त्यांच्या डोक्यात हवेतला जोडीचा ऑक्सिजन असतो. सूत्रात एकेक अणू मोजायचा, म्हणून १६. मँगनीजला ५४.९४ ने आणि ऑक्सिजनला १६ ने भागलं, की भागाकार येतात १.२६७ आणि १.९००. लहानाने मोठ्याला भागलं, की १.५.

इथे थांबायचं. २ लिहिलं तर डायऑक्साइड होतो, आणि त्यात मँगनीज ६३.२ टक्केच असतं, ६९.६ नव्हे. दोन्ही बाजू दोनने गुणल्या, की दोन मँगनीजला तीन ऑक्सिजन मिळतात. तिसरं ऑक्साइड देतो, ७२ आणि २८ टक्के. गुणोत्तर १.३३ च्या आसपास येतं. तिनाने गुणलं, की तीनास चार.

ही तीन ऑक्साइडं एकाच रांगेतली आहेत. डायऑक्साइड तापवत गेलं, की ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने सुटतो आणि गुणोत्तर २ वरून १.५, मग १.३३ वर येतं. अपूर्णांक दिसला म्हणून गणित चुकलं असं नाही. भट्टीत जे घडलं त्याचीच ती नोंद आहे. १.९८ चे २ करायला हरकत नाही, मोजमापात एवढा फरक पडतोच. १.५, १.३३ आणि १.२५ हे मात्र ओळखीचे चेहरे; त्यांना अनुक्रमे दोन, तीन आणि चारने गुणायचं.

खाणीतून आलेल्या खनिजाला मात्र हा हिशेब थेट लावता येत नाही. त्यात लोखंड, सिलिका, ओलावा असं बरंच काही मिसळलेलं असतं. पदार्थ आधी शुद्ध करायचा, मग सूत्र काढायचं.

शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एकच सांगणं आहे: सूत्र निघालं म्हणून वही मिटू नका. त्याचं मोलर वस्तुमान काढा, त्यावरून टक्के काढा आणि प्रश्नातल्या टक्क्यांशी ताडून पाहा. ते जुळले तरच सूत्र खरं.