सारंगखेड्याचे घोडे आणि 12 चित्रं

दत्तजयंतीची यात्रा भरली, की तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार ऐन रंगात येतो. गिऱ्हाईक दात बघतं, रंग बघतं. मी यंदा नुसते पाय बघत बसलो. साधी चाल चार ठेक्यांची: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडक्या चालीत मात्र तिरप्या जोड्या एकदम उचलल्या जातात.

भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे 1878 मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं. तेही पाय फाकलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना! अ‍ॅनिमेशन शिकणारे आजही ती छायाचित्रं समोर ठेवतात. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी 12 चित्रं लागतातच. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात काड्या अशाच एकेक फ्रेम घेत हलवल्या होत्या.

संगणक आला तरी ही मेहनत सुटलेली नाही. पात्राला सांगाडा बसवणारा रिगर, हालचाल देणारा अ‍ॅनिमेटर, प्रसंग आधी चित्रांत मांडणारा स्टोरीबोर्डवाला. कामं वेगळी, नजर तीच. हे शिकवणाऱ्या संस्थांत, मुंबई आयआयटीचं आयडीसी काय किंवा अहमदाबादचं एनआयडी काय, प्रवेशाची चाळणी कडक. नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही. पण आमच्या इकडच्या धडगाव-तळोद्याच्या पोरांना ढोरं रोज डोळ्यांसमोर दिसतात, हे भांडवल थोडंथोडकं नाही. क्लासची फी भरण्याआधी एक वही घ्यावी आणि दुडकी चाल कागदावर उतरवून बघावी. गोडी लागली, तर पुढचा खर्च सार्थकी.