खुर्ज्याची निळी बशी

बायकांचा जीव साड्यांत आणि दागिन्यांत असतो म्हणतात. माझा चिनी मातीच्या भांड्यांत आहे. काचसामानाच्या दुकानावरून जाताना हे माझा दंड धरून मला पलीकडच्या फुटपाथावर नेतात, यावरून काय ते समजा. घरी माणसे चार आणि वाडगे एकवीस. त्यातले निम्मे जोडीला दुसरे मिळेल या आशेवर घेतलेले!

हे वेड आईकडून आले. 1971 साली बाबांची दिल्लीला बदली झाली होती. तिथे दारावर आलेल्या हातगाडीवरून आईने खुर्ज्याच्या खोलगट बश्या घेतल्या. पांढऱ्या, काठाला निळी वेल आणि मधोमध एकच फूल. पुढे पुण्याला परतल्यावर त्या कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात गेल्या. पाहुणे आले तरी त्या खाली उतरत नसत. बहुधा आमच्याकडे पुरेसे मोठे पाहुणे आलेच नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत आई त्या काढी, पुसे, सहा मोजी आणि पुन्हा वर ठेवी. बाबा गेले, आई भावाकडे राहायला गेली, तेव्हा जुन्या धोतरात गुंडाळलेला तो गठ्ठा तिने माझ्या हाती दिला. "सहा आहेत. सांभाळ."

आठवड्याच्या आत माझ्या हातून एक फुटली.

मी कोणाला सांगितले नाही. तुकडे मात्र टाकवेनात. पुढल्या वर्षी आईचे पत्र नव्हे, फोन आला, "दिवाळीच्या आधी आठ दिवस तुझ्याकडे येते." त्याच सुमारास पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दिल्लीला निघालो होतो. मी सर्वांत मोठा तुकडा रुमालात बांधला, बॅगेत टाकला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून सांगून सरळ खुर्ज्याची गाडी पकडली.

खुर्जा दिल्लीपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, बुलंदशहर जिल्ह्यात. जंक्शन गावापासून लांब आहे. तिथून डुगडुगणाऱ्या रिक्षातून आत शिरले की जुन्या कोळशाच्या भट्ट्यांच्या विटांच्या चिमण्या दिसू लागतात. आता भट्ट्या गॅसवर चालतात, पण या जुन्या चिमण्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसारख्या अजून उभ्या आहेत. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भांडीच भांडी! कपांच्या उतरंडी, किटल्या, लोणच्याच्या बरण्या, गवतात गुंडाळलेल्या कुंड्या. माझी अवस्था मिठाईच्या दुकानात सोडलेल्या पोरासारखी झाली. ह्यांना बरोबर आणले नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले.

गावाचा हा धंदा जुना. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल बंद पडला, तेव्हा इस्पितळांना लागणारी भांडी करण्यासाठी सरकारने इथे कारखाना काढला होता. गंमत अशी की चिनी मातीला लागणारा माल गावात फारसा पिकत नाही. पांढरी माती, गारेची पूड, फेल्डस्पार हे बाहेरगावाहून येते. खुर्ज्याचे म्हणून जे आहे ते माणसांच्या हातात आहे.

मी तुकडा घेऊन तीन दुकाने हिंडले. दुकानदार सभ्यपणे मान हलवीत आणि दुसराच सेट पुढे करीत. चौथ्याने मला मागच्या कारखान्यात पाठवले. तिथे प्लास्टरच्या साच्यावर मातीची पोळी थापली जात होती. साचा गरगर फिरे, वरून पाते दाबले जाई आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बशी तयार. मी मापाची पट्टी काढली, तेव्हा कारागीर हसला. ओली बशी माझ्या तुकड्याच्या मापाने चांगलीच मोठी होती. वाळताना आणि भाजताना माती आटते, सुमारे दहावा हिस्सा तरी. म्हणजे इथे सारे हिशेब आटण्याचा अंदाज धरून.

एका कोपऱ्यात रंगकाम चालले होते. चाळिशीची एक बाई डाव्या हाताने चक्ती फिरवीत उजव्या हाताने काठावर वेल काढीत होती. रंग काळपट, राखेसारखा.

"निळा नाही का?" मी विचारले.

"भट्टी में जाके नीला होगा, बहनजी." कोबाल्टचा रंग तो. वरून काचेचा लेप चढतो, बाराशे अंशांच्या आसपास आच लागते, तेव्हा कुठे निळाई उमटते. रंगवणारीने आयुष्यभर काळी फुले काढायची आणि ती निळी समजायची!

मी रुमाल सोडला. तिने तुकडा उजेडाकडे धरला, पानावरून अंगठा फिरवला. पान कुंचल्याच्या एकाच दाबात उमटले होते, टेकवला आणि उचलला. "पुराना हाथ है," ती म्हणाली. आता पुष्कळ मालावर छापील चित्रेच चिकटवतात. अशी बशी ती काढून देईल, पण भाजून निघायला दिवस जातील, आणि मला तर रात्रीची गाडी होती.

माझा चेहरा पाहून असेल, पाळी सुटल्यावर ती मला मागे आपल्या खोलीवर घेऊन गेली. सकाळी उकडलेले बटाटे होते. तिने ते हातानेच कुस्करले, तेलात हिंग-जिरे तडतडवले, चार टोमॅटो चिरून टाकले, हळद, तिखट, धने, पाणी. कांदा नाही, वाटण नाही. वीस मिनिटांत पोळ्यांसकट जेवण पुढे आले, आणि तेही कशात? एकापेक्षा एक सुंदर वाडग्यांत! कोणाचा काठ वाकडा, कोणावर टाचणीएवढे भोक. बाजारात न चाललेला माल तिच्या घरात रोज चालत होता. तिची पोरे ते वाडगे आपटत होती आणि तिचे तिकडे लक्षही नव्हते.

निघताना तिने फळीवरून एक खोलगट बशी काढून दिली. काठ किंचित आडवा, वेल तिच्या हातची, फूल नाहीच. पैसे घेईना, मी धाकट्याच्या मुठीत कोंबले.

आई आली तो बुधवार होता. ऑफिसातून यायला मला साडेसात वाजले. रविवारी केलेले कांदा-खोबऱ्याचे वाटण फ्रीजमध्ये होते. बटाट्याच्या बारीक फोडी केल्या, फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परतले, गोडा मसाला, आणि वरून उकळते पाणी. (गार पाणी घातले की तर्री बसते आणि वेळही जातो.) भात कुकरात होताच. मग मी एक खुर्ची ओढली आणि वरच्या खणातून गठ्ठा काढला. मुलगा म्हणाला, "आज कोण येणार आहे?"

पाच बश्या मांडल्या. नंतर सहावी, फूल नसलेली, लोणचे-पापडासाठी मधोमध ठेवली. आईने चष्मा लावला. माझ्या छातीत धडधडू लागले.

"ही आपली नाही."

मी सगळे सांगितले. खुर्जा, तुकडा, ती बाई. आई ऐकत होती आणि भातात रस्सा कालवत होती.

"सहाच्या पाच झाल्या म्हणून तू तिथवर गेलीस?" ती म्हणाली. "अगं, त्या आठ होत्या. दोन मी पहिल्याच महिन्यात फोडल्या. तुझ्या बाबांना सांगितलं, गाडीवाल्याकडे सहाच होत्या. म्हणून तर वर ठेवून दिल्या, आणखी फुटल्या असत्या तर काय सांगणार होते?"

हे मोठ्याने हसले. आईने बशी पुढे केली. "रस्सा आण अजून. तिखट जरा कमी पडलंय."