पांढऱ्यावर पांढरे

जलरंगांच्या पेटीत पांढऱ्या रंगाची नळी असते, पण जाणता चित्रकार सहसा तिचे झाकण उघडत नाही. ढग हवा असेल, बगळा हवा असेल किंवा नदीच्या घाटावर वाळत घातलेले धोतर हवे असेल, तर भोवतालचे सारे रंगवायचे आणि तेवढा कागद कोरा सोडून द्यायचा. शाळेत चित्रकला शिकवताना मी आयुष्यभर हेच सांगत आलो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या किती मुलांना मी बजावले असेल, की बाळांनो, पांढरा हा लावायचा रंग नव्हे, राखायचा रंग आहे! आणि आता निवृत्तीनंतर रोज सकाळी खिडकीशी बसून मी जे रंगवतो, त्यात पांढऱ्याखेरीज दुसरे फारसे काही नसते. पांढऱ्या बर्फात उभे राहिलेले, पांढऱ्या कपड्यांतले सैनिक. आणि तेही प्रत्येकी २८ मिलिमीटर उंचीचे! म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा माणूस. त्याला नाक, डोळे, बंदूक, पट्टा आणि पाठीवर पिशवी.

या छंदाला मराठीत नाव नाही. पण तो आपल्याला परका आहे असे मात्र नव्हे. दिवाळी आली की अंगणात दगडमाती जमते, पोत्याचे तुकडे चिखलात बुडवून डोंगराचे कडे होतात, अळीव पेरून रान उगवते आणि बाजारातून मातीचे मावळे येतात. तो मावळा बुरुजावर उभा करायचा की पायथ्याशी, यावरून भावंडांत भांडणे जुंपतात. युरोपातल्या मोठ्या माणसांनी हाच किल्ला उचलून टेबलावर नेला आणि त्याला फूटपट्टी, फासे व नियमांचे पुस्तक जोडले, एवढेच. राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ साली आपला युद्धखेळ सेनापतींपुढे मांडला, तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तो घरोघरी जमिनीवर खेळण्याजोगा केला. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध कितीतरी शहाणपणाचे, असे त्याचे म्हणणे होते. जगाने त्याचे ऐकले नाही. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

माझ्याकडे हे सैनिक आले ते फिनलंडहून. धाकटी मुलगी तिथे ओऊलू या गावी नोकरीला आहे. एका उन्हाळ्यात घरी येताना तिने माझ्यासाठी एक खोका आणला. आत कथलाच्या मिश्रधातूचे दोन डझन बिनरंगी शिपाई होते. "बाबा, तुमचा हात रिकामा राहू नये म्हणून," ती म्हणाली. तिच्या गावाहून काही तासांच्या वाटेवर सुओमुस्साल्मी नावाचा भाग आहे, तिथल्या लढाईतले हे लोक.

ती लढाई मी मग वाचून काढली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर स्वारी केली. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ३७ लाख. हे युद्ध १३ मार्च १९४० पर्यंत, १०५ दिवस चालले. त्या हिवाळ्यात पारा कधीकधी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राते गावाच्या अरुंद जंगलवाटेवर सोव्हिएतांची ४४वी डिव्हिजन रणगाडे, तोफा आणि घोडे घेऊन लांबच लांब पसरली होती. कर्नल सिलासवुओच्या फिनी तुकड्या दोन्ही बाजूंच्या रानातून स्कीवर घसरत आल्या आणि त्यांनी त्या रांगेचे तुकडे पाडले. अशा वेढलेल्या तुकड्याला फिनी भाषेत 'मोत्ती' म्हणतात. मूळ अर्थ, मोजून रचलेली एक घनमीटर जळाऊ लाकडे! लाकूडतोड्यांच्या देशाने युद्धालाही आपल्याच वखारीतला शब्द दिला.

रंगवायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न कपड्यांचा होता. फिनी सैन्याजवळ सर्वांना पुरतील एवढे गणवेश नव्हते. पुष्कळ राखीव सैनिकांना सरकारकडून मिळाले ते बंदूक, पट्टा आणि टोपीवर लावायचे बिल्ले. बाकीचे ज्याने त्याने घरून आणायचे. पंतप्रधान कायांदेर याच्या नावावरून लोक थट्टेने या पोशाखाला 'कायांदेर पद्धतीचा गणवेश' म्हणू लागले. वरून घालायला पांढरा सुती झगा आणि डोक्यावर पांढरी टोपरी. त्या झग्याच्या गळ्याशी आतला स्वेटर बोटभर डोकावतो, आणि रंगाऱ्याला सारी मोकळीक मिळते ती तिथेच. मी कुणाला तपकिरी स्वेटर दिला, कुणाला गर्द निळा, एकाला लाल काठाचा. सौभाग्यवती चष्मा लावून सगळी पलटण पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, एवढे स्वेटर विणले कुणी?" प्रश्न अगदी योग्य होता. लोट्टा स्वार्ड नावाची स्त्रियांची मोठी संघटना तिथे होती. शिवण, विणकाम, स्वयंपाक, जखमींची शुश्रूषा, सगळे त्या पाहत. लढाईची पुस्तके सेनापतींची नावे सांगतात. विणणाऱ्या हातांची आठवण मला आमच्या घरातल्या बाईने करून दिली.

मग आला पांढरा रंग. थेट पांढरा फासला तर सैनिक चुन्यात पडल्यासारखा दिसतो. ना चुणी दिसते, ना कोपर. म्हणून आधी करडे अस्तर द्यायचे. ते वाळले की त्यावर फिकट राखी रंग, पण खळगे सोडून. मग त्याहून उजळ रंग, तोही थोड्याच जागी. निव्वळ पांढरा शेवटी, सर्वांत बारीक ब्रशच्या टोकाने, फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि टोपऱ्याच्या काठावर. म्हणजे पांढऱ्या सैनिकाच्या अंगावर खरा पांढरा रंग असतो तो तीळभर.

पण सैनिकही पांढरा आणि बर्फही पांढरा, तर दोघांना वेगळे कसे करायचे? मी मुलीला फोनवर विचारले, "तिकडचा बर्फ नेमका कसा दिसतो गं?" ती हसून म्हणाली, "बाबा, बर्फ पांढरा कुठे असतो? डिसेंबरात इथे दुपारी दोनच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर सगळे निळे होते. झाडे निळी, रस्ता निळा, बर्फ निळा. फक्त कुणाच्या तरी खिडकीतला दिवा पिवळा." हे सांगताना तिचा आवाज जरासा लांबचा वाटला. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ नुसताच बसून होतो. या वयात मी बर्फ पाहीन असे वाटत नाही, आणि माझी लेक त्या निळ्या दुपारीतून रोज एकटी घरी चालत जाते.

तिच्या उत्तराने रंगांचा प्रश्न मात्र सुटला. बर्फाच्या सावलीत मी निळ्याचा थेंब मिसळू लागलो आणि सैनिकांच्या झग्याच्या सावलीत किंचित पिवळसर माती. बर्फाचा पांढरा थंड, माणसाचा पांढरा उबदार. हातभर अंतरावरून फरक सांगता येत नाही, पण डोळ्याला तो कळतो, आणि माणूस बर्फातून वेगळा होऊन उभा राहतो.

सैनिक रंगवून झाला की त्याची बैठक सजवायची. पावली एवढी लाकडी चकती, तिच्यावर पायाने त्याला घट्ट चिकटवायचे. भोवती फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू पसरायची, ती गडद तपकिरी रंगवायची आणि कोरड्या ब्रशने तिच्या उंचवट्यांवर फिका रंग ओढायचा. काथ्याचे चार धागे उभे रोवले की वाळलेले गवत होते. शेवटी बर्फ. पुष्कळ लोक खाण्याचा सोडा वापरतात, पण गोंदात मिसळलेला सोडा काही वर्षांनी पिवळा पडतो, म्हणून जाणते त्याच्या वाटेला जात नाहीत. मी वापरतो ती शिरगोळ्याची पांढरी रांगोळी. फेव्हिकॉल, पांढऱ्या रंगाचा थेंब आणि रांगोळी कालवून दह्याइतके घट्ट झाले, की काडीने लावायचे. बुटांभोवती थोडे जास्त, आणि चकतीच्या एकाच अंगाला उतरते, वाऱ्याने लोटल्यासारखे. ओले असतानाच वरून कोरडी रांगोळी चिमटीने भुरभुरायची. दारातल्या रांगोळीला दिवाळीत तुटवडा पडू लागला तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्यासाठी वेगळा डबा करून दिला.

दुसऱ्या खोक्यातून सोव्हिएत सैनिक आले, आणि माझा हात जडावला. त्यांचे रंगकाम सोपे आहे. मातकट लांब डगला, डोक्यावर टोकदार कापडी टोपी. पण रंगवून, वाळवून त्यांना त्या रांगोळीच्या बर्फावर ठेवले, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनसुद्धा ते स्पष्ट दिसू लागले. माझे फिनी सैनिक चार हातांवरून हरवतात आणि हे दहा हातांवरूनही दिसतात! ४४वी डिव्हिजन युक्रेनमधून आलेली. तिच्यातल्या बहुतेकांना ना अशा रानाची सवय, ना अंगावर बर्फाळ पांढरे आवरण. थंडी असह्य झाली की शेकोटी पेटवायची, आणि शेकोटी पेटली की नेमबाजाला खूण मिळायची. फिनी सैनिक मुद्दाम त्यांच्या स्वयंपाकाच्या गाड्यांवर नेम धरीत. ज्यांना लपायला रंग दिला नाही अशा पोरांना मी ब्रशने रंग देत होतो, आणि तोही दिसणारा. याचा खेळ करावा का, असा प्रश्न मनात आला तो काही केल्या जाईना.

आमच्या शेजारी सातारकडचे एक निवृत्त सुभेदार राहतात. नोकरीतली काही वर्षे त्यांनी लडाखच्या बर्फात काढली आहेत. मी त्यांना बोलावले ते साध्या कारणासाठी. सैनिकांच्या खांद्यावर थोडा बर्फ घालावा की नको, हे मला विचारायचे होते. ते टेबलाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, चालत्या माणसाच्या खांद्यावर बर्फ ऱ्हात न्हाई. त्यो झटकतो. बर्फ चढतो त्यो बसला त्येच्यावर. आमी येकमेकाला बसू देत नव्हतो. कुनी टेकला की ढोसायचं, शिव्या घालायच्या, पन उठवायचं."

"पण सुभेदारसाहेब," मी विचारले, "याचा असा खेळ मांडलेला तुम्हाला खटकत नाही?"

त्यांनी एक सोव्हिएत शिपाई चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "ह्येचा चेहरा तुमी किती येळ रंगवला?"

"तास गेला असेल."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तासभर ह्येच्या तोंडाकडं बघनारा मानूस ह्येला उगा मारायचा न्हाई."

त्या दिवसापासून उभ्या सैनिकांच्या खांद्यावर मी बर्फ घातलेला नाही.

महिन्यातून एका रविवारी दोन कॉलेजकुमार आणि एक निवृत्त बँकवाले आमच्याकडे जमतात. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर काड्यांची झाडे आणि मधून राते गावाची वाट. फासे पडतात, फूटपट्टी फिरते, चहा होतो. खेळात कधीकधी सोव्हिएत बाजू वेढा फोडून सुटते आणि सगळे टाळ्या देतात. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ती डिव्हिजन मोडली, आणि तिचा सेनापती विनोग्रादोव याला त्याच महिन्यात त्याच्याच सरकारने गोळ्या घातल्या. तह झाला तोवर सुमारे २५ हजार फिनी आणि सव्वा लाखाहून अधिक सोव्हिएत सैनिक प्राणांस मुकले होते.

गेल्या हिवाळ्यात मुलगी त्या वाटेवर जाऊन आली. तिथे २००३ साली उभारलेले स्मारक आहे. उघड्या मैदानावर हजारो दगड मांडले आहेत, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी, आणि मध्यभागी १०५ घंटा टांगल्या आहेत, युद्धाच्या दर दिवसाला एक. तिने छायाचित्र पाठवले. दुपार निळी होती. कुठला दगड फिनी आणि कुठला सोव्हिएत हे सांगायला रंग नव्हता. सगळ्या दगडांच्या खांद्यांवर सारखाच बर्फ चढला होता.

ते चित्र मी सुभेदारांना दाखवले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मूठभर खडे घेऊन आले, वेचून, धुऊन. ते मी चकत्यांवर बसवले आणि त्यांच्या माथ्यावर रांगोळीचा बर्फ घातला. आता आमच्या खेळात एक नियम वाढला आहे. सैनिक पडला की त्याला उचलून डब्यात ठेवायचे आणि तो जिथे पडला तिथे एक खडा मांडायचा. पोरे आधी कुरकुरली, वाट अडते म्हणाली. आता कुणी काही म्हणत नाही. खड्यांना वळसा घालून पुढे जातात. डाव संपतो, चादर झटकायची वेळ होते, तेव्हा ते खडे मात्र मीच उचलतो, एकेक करून.