मेणवलीचा घाट आणि जुनी काच

वाईहून मेणवली अवघी तीन किलोमीटर. कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा, दगडी घाट आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती आलेली पोर्तुगीज घंटा! २००४ साली ‘स्वदेस’ चित्रपट आल्यापासून तर या घाटाची छायाचित्रे घरोघरी पोचली. यंदा मी तिथे गेलो तो वडिलांच्या झेनिट कॅमेऱ्याचे रशियन हेलिओस भिंग माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावून.

या भिंगाच्या बैठकीपासून फिल्म ४५.४६ मिलिमीटरवर असे; माझ्या कॅमेऱ्यात ते अंतर १८ मिलिमीटरच. मधली उणीव एक पोकळ कडे भरून काढते. त्यात काच मुळीच नसते! मात्र कॅमेरा या पाहुण्याला ओळखत नाही. नेम हातानेच साधायचा, छिद्रही हातानेच लहानमोठे करायचे.

घंटा रेखीव उमटली आणि मागची पाने भोवऱ्यासारखी गरगरली. हाच या भिंगाचा लौकिक. सूर्य समोर आला, की मात्र चित्र फिके पडे.

तासाभरात आठच चित्रे झाली. वडील ३६ चित्रांचे रीळ दिवाळी ते दिवाळी पुरवीत. आज ते नाहीत. पण भिंगाच्या खाचांवर जिथे त्यांची बोटे फिरली, तिथेच माझी फिरत होती.