अग्नीच्या रात्रीनंतर जासईस

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांस काशी-रामेश्वर, निदानपक्षीं महाबळेश्वर तरी अपेक्षित असतें. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहों तो वाशीहून जासईपर्यंतचा, म्हणजे बसनें फार तर तासा-दीड तासाचा आहे. परंतु त्यापूर्वीं दोनच दिवस आम्हीं जें पाहिलें होतें, त्यामुळें हा लहानसा प्रवास आम्हांस कित्येक मोठ्या यात्रांहून अधिक शिकवून गेला. म्हणून तो लिहून ठेवीत आहों.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही चिरंजीवांकडे वाशीस राहतों. सन २०२५ च्या दिवाळींतील नरकचतुर्दशीचा दिवस होता. पहांटेचें अभ्यंग, फराळ, आल्यागेल्याचा सत्कार यांत दिवस सरला, आणि दुसऱ्या दिवसाच्या लक्ष्मीपूजनाची तयारी करून घरांतील मंडळी निजली. मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे इंग्रजी कालगणनेप्रमाणें २१ ऑक्टोबरच्या प्रारंभीं, आमच्या कुटुंबानें आम्हांस हालवून जागें केलें. "खिडकीवर उजेड कसला दिसतो, पाहा बरें." फटाक्यांचा असेल, असें म्हणून आम्ही कुशीस वळणार होतों, परंतु तो उजेड विझेना. उठून पाहतों तों सेक्टर १४ मधील एका उंच इमारतीस आग लागलेली!

ती आग दहाव्या मजल्यावर लागली व अकराव्या-बाराव्या मजल्यापर्यंत चढली. ज्या खिडक्यांवर संध्याकाळीं आकाशकंदील डोलत होते, तेथेंच आतां ज्वाळा बाहेर येत होत्या. कांचा फुटण्याचा आवाज दूरवर ऐकूं येई. अग्निशामक दलाच्या गाड्या आल्या, पाण्याचे झोत वर जाऊं लागले. रस्त्यावर शेंकडों माणसें जमलीं होतीं; पण मोठ्यानें कोणी बोलत नव्हतें. सकाळीं कळलें कीं, चार जीव गेले. त्यांत एक मुलगी अवघ्या सहा वर्षांची होती. आमची नात त्याच वयाची आहे. त्या दिवशीं आमच्या घरीं लक्ष्मीपूजन झालें, पण फुलबाजी कोणीं लावली नाहीं.

येथपर्यंत जें सांगितलें तें सर्वांनीं पाहिलें. आतां जें सांगावयाचें आहे तें केवळ आमचें आहे, आणि तें सांगतांना आम्हांस लाज वाटते.

आग जरी दुसऱ्या इमारतीस लागली होती, तरी भयानें आमच्या इमारतींतील लोकहि खालीं उतरूं लागले. चिरंजीव म्हणाले, "लिफ्टनें नको, जिन्यानेंच चला." जिन्याच्या वळणावर आमची एक लोखंडी ट्रंक तीन वर्षांपासून ठेविलेली होती. तींत आमचे जुने ग्रंथ: कोश, व्याकरणें, काव्यांच्या टीका. घरांत जागा नव्हती आणि रद्दीवाल्यास द्यावयास मन होत नव्हतें. सोसायटीच्या चिटणिसांनीं ती काढण्याविषयीं दोन वेळां चिठ्ठी पाठविली होती, आम्हीं "ग्रंथांचा कोणास काय अडथळा?" असें उत्तर दिलें होतें. त्या रात्रीं वळणावरचा दिवा बंद होता. आमच्या पुढून एक बाई तान्हें मूल घेऊन उतरत होती. ती त्या ट्रंकेस अडखळून पडली. मूल तिनें छातीशीं घट्ट धरिलें होतें म्हणून वांचलें. तिचा गुडघा मात्र फुटला. आम्हीं तिला हात दिला आणि विचारिलें, "कोठें राहतां आपण?" ती म्हणाली, "तुमच्या समोरच्या दारांत, आजोबा."

खालीं आल्यावर पहारेकऱ्यानें आमच्या मजल्यावरचे सर्व उतरले कां, असें विचारिलें. मजल्यावर चार बिऱ्हाडें. कोणत्या घरांत किती माणसें, कोण अंथरुणास खिळलेलें, कोण दिवाळीस गांवीं गेलेलें, यांतलें कांहींहि आम्हांस सांगतां येईना. ज्यानें पस्तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली, त्यास आपल्या शेजाऱ्यांची हजेरी घेतां आली नाहीं!

त्याच दिवाळींत भाऊबिजेच्या दिवशीं, २३ तारखेस, आम्ही जासईस गेलों. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें राहतो. उरण तालुक्यांत आम्ही शिक्षक होतों तेव्हांचा. दरवर्षीं तो बोलावितो, दरवर्षीं आम्ही टाळतों. या वेळीं मन इतकें उदास झालें होतें कीं, आपण होऊन निघालों. बस नेरूळ, बेलापूर मागें टाकून खाडीचा पूल ओलांडते, उलव्याच्या नव्या उंच इमारती दिसतात, आणि गव्हाण फाट्यापुढें बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग सुरू होते. पूर्वीं याच वाटेनें जातांना दोहों बाजूंस भातखाचरें आणि मिठागरें दिसत. आतां शिवडीहून समुद्रावरून येणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु जासईलगतच चिर्ले येथें भूमीस टेंकतो. त्याचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें. मुंबईस जावयास ज्यांच्या आजोबांस भरती-ओहोटी पाहावी लागे, त्यांच्या दारावरून आतां मोटारी अर्ध्या घटकेंत पैलतीरीं जातात.

जासई हें गांव नकाशावर लहान, परंतु इतिहासांत लहान नाहीं. लोकनेते दि. बा. पाटील यांचा जन्म येथलाच, सन १९२६ चा. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि नव्या मुंबईकरितां ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. त्या जमिनींचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून पाटलांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं जासई-नवघर परिसरांत गोळीबार होऊन पांच माणसें हुतात्मा झालीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें तत्त्व मान्य झालें, तें या बलिदानाचें फळ. आम्ही ज्या वाशींत सहाव्या मजल्यावर राहतों ती जमीनहि त्याच ९५ गांवांच्या शिवारांतली. ज्यांच्या शेतांवर आमचीं घरें उभीं आहेत, त्यांचेकडून आम्हीं फक्त जमीन घेतली. शेजार घेतला नाहीं, असें त्या दिवशीं वाटलें.

विद्यार्थ्याच्या घरीं त्याचे वडील ओटीवर बसले होते. वय नव्वदीपार, कान थोडे मंद, स्मृति मात्र तल्लख. वाशीच्या आगीची गोष्ट निघाली तेव्हां ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, आग मीं बी पाहिली हाये. समुद्रापलीकडची."

ती सन १९४४ ची १४ एप्रिलची गोष्ट. ते तेव्हां दहा वर्षांचे होते आणि न्हाव्याच्या बाजूस बांधावर गुरें घेऊन गेले होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज उभें होतें. त्यावर दारूगोळा आणि कापसाच्या गांठी असा परस्परशत्रु माल एकत्र भरलेला. दुपारीं धूर दिसूं लागला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. त्याचा धक्का सुमारें १,७०० किलोमीटर दूर असलेल्या शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेंकडों माणसें मेलीं. आग विझवितांना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आबांस या आंकड्यांपैकीं कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांस आठवत होतें तें एवढेंच: पायांखालचा बांध हालला, गुरें उधळलीं, आणि रात्रभर पश्चिमेचें आकाश लाल राहिलें. "त्या रातीं," ते म्हणाले, "आयबायांनीं समद्या दारांपुढं पाण्याचे हंडे भरून ठेवले. म्हाताऱ्यांना आणि पोरांना एकाच पडवींत निजवलं. कोण कुठं निजलाय तें समद्यांना ठावं असावं म्हणून." आम्हीं विचारिलें, "आग तर समुद्रापलीकडे होती. मग हंडे कशास?" आबा हंसले. "ती आली असती तर मग भरायचे होते काय?"

वाचकहो, घरास आग लागल्यावर विहीर खणूं नये, हा उपदेश आम्हीं मुलांस किती वेळां केला असेल! समुद्रापलीकडच्या आगीकरितां ज्यांनीं हंडे भरले त्यांस तो कोणीं शिकविला नव्हता. आणि हांकेच्या अंतरावर आग लागेपर्यंत ज्यानें जिन्यांतील ट्रंक हालविली नाहीं, तो मात्र शिक्षक!

आणखीहि एक गोष्ट परततांना बसमध्यें मनांत आली. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, हा न्यायशास्त्राचा पहिला पाठ; पर्वतावरील धुराचें उदाहरण देऊन तो आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. परंतु त्या उदाहरणांत धूर हा केवळ अग्नीचा निरोप्या असतो. उंच इमारतींत तोच बहुधा खरा मारेकरी ठरतो. ऊन धूर वर चढतो, आणि जिना हें त्याचें धुराडें बनतें. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. निजलेला मनुष्य जागाहि होत नाहीं. म्हणून दार लावून घ्यावें, फटींत ओलीं फडकीं दाबावीं, नाकातोंडावर ओला कपडा धरून जमिनीलगत रहावें, लिफ्ट वापरूं नये, आणि १०१ क्रमांकास ताबडतोब कळवावें. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं परळ येथील एका इमारतीस आग लागून चार माणसें दगावलीं. तेव्हां शाळेंत शिकलेली ही ओल्या कपड्याची युक्ति एका दहा वर्षांच्या मुलीनें शेजाऱ्यांस सांगून कित्येकांचे प्राण वांचविले, व पुढें तिचा शौर्य-पुरस्कारानें गौरव झाला. आपल्या राज्यांत २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्याअन्वयें इमारतींतील अग्निशमनाचीं साधनें सुस्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर जानेवारींत व जुलैंत द्यावें लागतें. आपल्या सोसायटीनें तें दिलें आहे कां, हें विचारावयास वकील लागत नाहीं. आम्हीं मात्र तें कधीं विचारिलें नव्हतें.

जासईहून निघतांना विद्यार्थ्याच्या मुलीनें, जी सध्यां संस्कृत घेऊन शिकते, वांकून नमस्कार केला. तिला ओवाळणीबरोबर आम्हीं एक वचन दिलें. पुढच्या रविवारीं तिचा बाप टेंपो घेऊन वाशीस आला, आणि ती ट्रंक जासईस गेली. आमचे ग्रंथ आतां तेथें ओटीवरच्या कपाटांत आहेत. मुलगी ते वाचते, आणि अडलें म्हणजे दूरध्वनीवरून विचारते. त्या ट्रंकेंत ते तीन वर्षें कोणींहि वाचले नव्हते, आम्हीं सुद्धां.

भाऊबिजेच्या त्याच संध्याकाळीं आमचें कुटुंब व आम्ही फराळाचें ताट घेऊन समोरच्या दारीं गेलों. गुडघ्यास पट्टी बांधलेल्या त्या बाईनेंच दार उघडिलें. क्षमा मागावयास शब्द जुळविले होते, ते उंबऱ्यावरच विसरलों. तिनें "या ना आजोबा, बसा," म्हणून मूल आमच्या मांडीवर ठेविलें. ती सोलापूरची, पति रात्रपाळीस जाणारा. त्या रात्रीं ती घरीं एकटीच होती. आतां आमच्या मजल्यावरील चारहि बिऱ्हाडांचीं नांवें, माणसें आणि दूरध्वनि-क्रमांक आमच्या दाराआड एका कागदावर लिहिलेले आहेत. त्या यादींत सर्वांत खालचें नांव त्या बाळाचें आहे. तें आम्हीं तिच्याकडून विचारून मग लिहिलें.