भिंतीवरचं वचन

डिसेंबर संपत आला की आमच्या मंडळीत नव्या वर्षाची कॅलेंडरं येतात. वर मंडळीचं नाव, मधे तारखा, खाली पवित्र शास्त्रातलं एक वचन. मिरज, सांगली, सातारा इथल्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेलं वचन यिर्मयाच्या पुस्तकातलं आहे. अध्याय २९, वचन ११. आपल्या लोकांविषयी देवाच्या मनात जे आहे ते त्यांच्या भल्याचंच आहे, असा त्याचा आशय.

आमच्या घरी ते कॅलेंडरवर नव्हतं. आजीनं ते पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्यानं भरलं होतं आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवून घेतलं होतं. आजोबांना क्षय झाला होता. वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये त्यांच्या खाटेशेजारी बसून तिनं हे भरतकाम सुरू केलं. १९४२ साल. क्षयावर गुणकारी औषध अजून निघायचं होतं. मोकळी हवा, दूध, विश्रांती आणि प्रार्थना एवढेच उपचार. आजोबा गेले तेव्हा अर्धं वचन भरून झालं होतं. उरलेलं तिनं नंतर पूर्ण केलं, पदरात दोन वर्षांचा मुलगा असताना. तो मुलगा म्हणजे माझे पप्पा.

आजी मग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. डॉ. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये त्यानं मिरजेत हे हॉस्पिटल उभं केलं. सतारी आणि तंबोऱ्यांचं हे गाव पुढे दवाखान्यांचं गाव म्हणूनही ओळखलं जाऊ लागलं, त्याची सुरुवात तिथली. शतक संपता संपता याच मुलखात दोन दुष्काळ पडले आणि प्लेग आला. मिशनच्या बहुतेक संस्था अशा काळात वाढल्या. संकटं का आली याचा उलगडा व्हायची वाट तिथं कोणी पाहिली नाही. खाटा टाकल्या आणि माणसं आत घेतली.

मी दहावीत असताना पप्पा अचानक गेले. दफनभूमीतून परत आल्यावर माणसं एकेक करून आईजवळ येत होती, सलाम करत होती. मंडळीतल्या एका मोठ्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल, बाळ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मनापासून बोलत होते. तरी ते वाक्य मला चटका देऊन गेलं. ज्या देवाच्या योजनेत माझे पप्पा बसत नाहीत त्या देवाशी आपलं काही देणंघेणं नाही, असं वाटलं. भिंतीवरच्या फ्रेमकडे मी कित्येक महिने बघायचं टाळत होते.

आजी त्या दिवशी रात्रीपर्यंत काहीच बोलली नाही. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. संध्याकाळी तिनं बंब पेटवला, पाणी तापवलं आणि माझ्या आईला न्हाऊ घातलं. रात्री मी तिला विचारलं, "आजी, काय योजना होती?" ती म्हणाली, "मला नाही गं ठाऊक. तुझे आजोबा गेले तेव्हाही कळलं नव्हतं. सकाळची ड्युटी सुटली की आईला घेऊन पप्पांच्या ऑफिसात जायचंय, कागदपत्रं काढून ठेव."

पुढे शिक्षिका म्हणून मी साताऱ्याला गेले, लग्नानंतरही बरीच वर्षं तिथेच होते. आजी तोवर गेली होती आणि फ्रेम माझ्याकडे आली होती. तिथं आमचं पहिलं बाळ जन्मलं आणि काही तासांतच गेलं. त्या पावसाळ्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पहिल्यांदा सलग वाचली. शाळेत त्यातले धडे शिकवले होते, पण शिकवणं वेगळं आणि गरज म्हणून वाचणं वेगळं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं सगळं जग एका दिवसात कोसळलं. नवरा जिवंत असून दुरावलेला, नातलगांत होणारी कुचंबणा. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग आपल्या मनानं परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारं सांगताना त्या कुठेही 'हे यासाठी घडलं' असं वाचकाला समजावून देत नाहीत. घडलं ते सांगतात. त्यातलं दुःखही लपवत नाहीत आणि हसूही लपवत नाहीत.

टिळकांचं शेवटचं मोठं काम मी राहत होते त्याच साताऱ्यातलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे बंधू म्हणून एकत्र यावेत, हे त्यांचं स्वप्न होतं. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. एवढं सोडून, एवढ्या आशेनं मांडलेल्या कामाला दोन वर्षंच मिळाली. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्यही अपुरं राहिलं. ज्यांना त्यांनी स्वतः अक्षरओळख करून दिली होती त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि त्याचा फार मोठा भाग लिहिला. टिळकांना हे दिसलं नाही. ज्या माणसाच्या आयुष्यातून देव काही करत होता त्यालाच त्याचा शेवट बघायला मिळाला नाही, ही गोष्ट मला तेव्हा अतिशय जवळची वाटली.

मग मी यिर्मयाचा २९वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर एकच वचन होतं, त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघितलंच जात नाही. हे एक पत्र आहे. यरुशलेमहून पाडाव करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयानं धाडलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना किती बरं वाटलं असेल! पण शास्त्र त्याला खोटा संदेष्टा ठरवतं. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. हे दहावं वचन, आपल्या लाडक्या वचनाच्या अगदी वरचं. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांतल्या बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. भल्याचा शब्द त्यांनाही दिला होता, पण तो त्यांच्या नातवंडांत पुरा होणार होता. तोवर काय करायचं तेही पाचव्या वचनापासून लिहिलेलं आहे. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. ज्या शहरात आहात त्याचं बरं व्हावं म्हणून झटा आणि प्रार्थना करा. ते शहर तर शत्रूचं होतं.

योसेफाचंही असंच आहे. माझ्याशी केलेल्या वाइटातून देवानं चांगलं घडवलं, हे तो स्वतः म्हणतो, कित्येक वर्षांनी, ज्या भावांनी त्याला विकलं त्यांच्यासमोर. तो विहिरीत पडलेला असताना वरून डोकावून त्याला हे कोणी सांगितलं असतं तर ती क्रूरता झाली असती. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून कोणाच्या पापामुळे हे झालं, असं विचारतात, तेव्हा प्रभू कारणांचा हिशेब नाकारतो. इथं देवाचं काम दिसायचं आहे, असं म्हणतो आणि लगेच माती कालवायला घेतो. मला तो चिखलाचा हात फार मोलाचा वाटतो.

चिखल आमच्याही वाट्याला आला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढत गेली. आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ च्या पुरालाही मागे टाकून. आम्ही तेव्हा सांगलीच्या खणभागात राहत होतो. अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर घरभर गुडघ्याएवढा गाळ, आणि तो वास, जो सांगलीकरांनाच ठाऊक आहे. फ्रेमची काच फुटली होती. कापड मी तीनदा धुतलं, पण निळा रंग उतरला होता, अक्षरं लागत नव्हती.

त्या आठवड्यात घरी आलेल्या कोणीही मला योजना सांगितली नाही. मंडळीतली तरुण मुलं फावडी घेऊन आली. पाळकसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोरी साफ करत होते. समोरच्या गल्लीतल्या मशिदीतून रोज दुपारी जेवणाची पाकिटं यायची. मिरजेहून पाण्याचे कॅन आले. आम्ही आमचं घर धुतलं, मग शेजारच्या कुलकर्णी काकूंचं. त्या चार भिंतींत त्या दिवसांत मला देव जितका जवळ वाटला तितका भरल्या उपासनेतही क्वचित वाटला असेल. पूर कशासाठी आला हे मला आजही ठाऊक नाही आणि कोणी ठामपणे सांगू लागलं तर मी ते मानणार नाही. अडचणींत देवाचा हेतू असतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो हेतू दुसऱ्याच्या दुःखावर चिठ्ठीसारखा चिकटवण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही, यावरही तितकाच आहे.

मंडळीतल्या माझ्या भावाबहिणींना एवढंच विनवते. शोकाच्या घरी जाल तेव्हा अकरावं वचन मनात ठेवा आणि पाचवं हातांनी करा. डबा घेऊन जा. तिथं चूल पेटवा, लेकरांना शाळेत सोडा, बँकेच्या रांगेत उभे राहा. महिनाभरानं पुन्हा जा, कारण तोवर बाकीचे यायचे थांबलेले असतात.